कच्चं मत

सगळा वॉर्ड तिला रेडिओ म्हणायचा, आणि तोंडावर म्हणायचा. तिला त्याचं काही वाटत नसे. जन्म शिवणयंत्रावर गेलेला. यंत्राच्या खडखडाटावर आवाज चढवून गिऱ्हाइकांशी बोलायची सवय. तोच आवाज पुढे पक्षासाठी दारोदार मतं मागताना कामी आला. समोरच्याने दार पुरतं उघडेपर्यंत हिची तीन वाक्यं झालेली असायची. गळका नळ, बंद दिवे, तुंबलेलं गटार, सगळं एका दमात. नवरा त्याच दुकानात कापड बेतायचा. तो लोकांना सांगे, "हिला मत द्या न द्या, घोटभर पाणी तेवढं द्या."

पण बाई एकटी कधी फिरली नाही. तिच्या मागे, एक पायरी खाली, हाताची घडी घालून नर्सबाई उभी असायची. सरकारी दवाखान्यात नोकरी. "कुठं काही दुखत नाही हो" म्हणणाऱ्याचं नेमकं कुठं दुखतंय, हे ओळखण्यात तिची हयात गेलेली. हिने बोलायचं, तिने ऐकायचं, असा दोघींचा ठराव होता. जिना उतरताना वळणावर रेडिओ मागे वळून बघायची आणि नर्सबाई एक शब्द टाकायची. पक्कं, बंद किंवा कच्चं. पक्क्या माणसाला पुन्हा त्रास द्यायचा नाही. बंद दारावर डोकं आपटायचं नाही. आणि कच्च्याला मतदानापर्यंत सोडायचं नाही, पुन्हा पुन्हा जायचं.

एकदा एका घरी त्या दोघींची काय बडदास्त ठेवली म्हणता! पंखा लावला, चहा दिला, "मत तुमचंच, विचारायला कशाला येता?" म्हणाले. रेडिओ खूष. वळणावर नर्सबाई म्हणाली, "बंद."

"अगं, एवढा चहा पाजला!"

"म्हणूनच, ताई. ज्याला द्यायचं असतं ना, तो आधी भांडतो."

निकालाला तिचंच खरं ठरायचं. रेडिओला याचा केवढा अभिमान! स्वतःच्या बोलण्याचा नव्हता तेवढा तिच्या ऐकण्याचा होता.

मग पक्ष फुटला. अध्यक्ष आणि चिटणीस यांचं वर कुठंतरी बिनसलं. का बिनसलं, हे त्यांनाही धड सांगता येत नव्हतं. झालं, खाली वॉर्डात कपडा टराटरा फाटला. रेडिओ अध्यक्षांकडे राहिली. नर्सबाई चिटणिसांकडे गेली, कारण तिचा मुलगा आजारपणात मरणाच्या दारात होता तेव्हा चिटणीस इस्पितळाच्या बाकावर तिच्याशेजारी बसून होते. हे रेडिओला ठाऊक होतं. तरी पक्षाच्या शेवटच्या एकत्र सभेत माइक हातात आल्यावर ती बोलून गेली, "आपल्यातलेसुद्धा विकले गेले. नर्सबाईसुद्धा!" टाळ्या पडल्या. नर्सबाई मागच्या रांगेत होती. ती उठली आणि चपला घालून निघून गेली.

त्याला चार वर्षं झाली. एक समोरून येताना दिसली की दुसरी रस्ता ओलांडायची. पक्षाचा नियम होता, एकही दार सोडायचं नाही, विरोधकाचंसुद्धा. रेडिओने सगळ्या वॉर्डात एकच दार सोडलं होतं, नर्सबाईचं. त्या इमारतीत ती दुसऱ्या मजल्यापर्यंत चढायची, घसा फाडून बोलायची आणि तिसरा मजला न बघता खाली यायची. उतरताना वळणावर मान आपसूक मागे वळायची. मागे रिकाम्या पायऱ्या. कार्यालयात येऊन सांगायची, "सगळे हो म्हणाले." आणि पोटनिवडणुकीत त्याच हो म्हणणाऱ्यांनी उमेदवार असा पाडला, की अनामतही वाचली नाही.

"तुला ना," नवरा कातरी चालवता चालवता म्हणाला, "मतांपेक्षा तीच जास्त हवी आहे."

"गप्प बसा. कापड वाकडं कापाल."

पण खरं होतं ते. तिला ती हवी होती. रोज, दर जिन्यावर हवी होती.

यंदा निवडणूक तोंडावर आली आणि एका संध्याकाळी दुकानातल्या टीव्हीवर बातमी झळकली. दोन्ही गट एकत्र! अध्यक्ष आणि चिटणीस एकमेकांच्या गळ्यात पडलेले, दोघांच्या तोंडावर हसू मावत नव्हतं. रेडिओच्या हातातली सुई तशीच राहिली.

"बघा हो! मिटलं!"

"त्यांचं मिटलं," नवरा म्हणाला. "त्यांनी कधी रस्ता ओलांडला होता?"

तिने ऐकलंच नाही. रविवारी सभागृहात संयुक्त मेळावा होता. ती सगळ्यांच्या आधी जाऊन बसली. ठेवणीतले कपडे घातले होते, शेजारच्या खुर्चीवर पिशवी ठेवली होती. हॉल भरत गेला. जो येईल तो विचारायचा, "इथं कुणी आहे का?"

"आहे."

"कुठं आहे?"

"येते आहे! दुसरीकडे बसा की, खुर्च्यांना काय दुष्काळ पडलाय?"

भाषणं सुरू व्हायच्या आधीच कुणाचा तरी फोन वाजला, मग सगळ्यांचेच वाजले. वर एका जागेवरून पुन्हा फिसकटलं होतं. काल-परवा जोडलेलं आज तुटलं. बघता बघता अर्धा हॉल उठला. दोन्ही नेत्यांचे चेहरे असलेला फलक कुणीतरी मधोमध दुमडून एकच चेहरा पुढे ठेवला. लाज कशी वाटत नाही म्हणते मी! रेडिओ पिशवी उचलून बाहेर आली आणि थबकली. फाटकापाशी नर्सबाई उभी होती. तिच्या गटाचा कुणी तिला हाताने परतीची खूण करत होता. तिने एकदा हॉलच्या दाराकडे बघितलं आणि वळून चालायला लागली.

जेवताना रेडिओ पुन्हा पुन्हा तेच म्हणत राहिली. "आली होती हो. फाटकापर्यंत आली होती."

"मग तू का नाही चार पावलं पुढे गेलीस?"

"कशी जाणार? युती तुटली ना!"

नवऱ्याने ताट सरकवलं. "एकही दार सोडायचं नाही, हा नियम कुणाचा? माझा का?"

दुसऱ्या दिवशी नर्सबाईची आठवड्याची सुट्टी होती. रेडिओ पत्रकं घेऊन निघाली, दुसरा मजला ओलांडून तिसऱ्यावर चढली आणि बेल दाबली. दार उघडलं, पुरतं उघडलं, तरी हिच्या तोंडून शब्द फुटेना.

नर्सबाईने हातातल्या पत्रकाकडे बघितलं. "मत मागायला आलीस?"

"हो. दार सोडायचं नाही ना."

"चार वर्षं सोडलंस की."

"सोडलं."

"बोल मग. सगळ्यांना सांगतेस तेच सांग."

रेडिओने सुरुवात केली. गळका नळ झाला, बंद दिवे झाले. गटारापाशी ती थांबली. "आणि मी माइकवर बोलले ते खोटं होतं. तू विकली गेली नव्हतीस. मला माहीत होतं तू का गेलीस. तू जाणार म्हणून माझं डोकं फिरलं गं. मला तू माझ्या मागे उभी हवी होतीस. आजही हवी आहेस."

"आणि हे आज सांगतेस?" नर्सबाईचा आवाज असा चढला की खालच्या मजल्यावरची दारं उघडली. "दवाखान्यात लोक इंजेक्शन घेता घेता विचारायचे, बाई, किती मिळाले? माझ्या पोराला शाळेत विचारलं! आणि तू? खालच्या मजल्यावर तुझा आवाज यायचा. मी इथं, या दाराशी, कडीवर हात ठेवून उभी राहायचे. आज येईल, आज येईल. आणि तू खाली उतरायचीस! रेडिओ म्हणे! माझ्याच दाराशी बरी बंद पडायचीस!"

ती भांडत राहिली. रेडिओ हाताची घडी घालून ऐकत राहिली.

शेवटी नर्सबाईने डोळे पुसले आणि पत्रक हातातून ओढून घेतलं. "माझं मत चिटणिसांनाच जाणार आहे."

"जाऊ दे."

दार लागलं. रेडिओ कठडा धरून उतरायला लागली. वळणावर मान आपसूक मागे वळली. पायऱ्या रिकाम्याच होत्या. ती पुढे निघणार, इतक्यात वरची कडी वाजली.

"ताई," वरून आवाज आला. "कच्चं."