अरामाताने अडवलेली होडी

अरामाता जारजूच्या हातापायांवर कालवांच्या कडांनी कापल्याचे इतके वण आहेत की मोजायचा कंटाळा येईल. आम्ही जोला बायका सगळ्याच गांबिया नदीच्या खाडीत कमरेएवढ्या चिखलात उतरतो आणि खारफुटीच्या मुळांवरची कालवं ठोकून काढतो. त्या वर्षी कालवं नखाएवढी निघाली. आम्ही नशिबाला बोल लावत बसलो आणि ही एकटी उठून म्हणाली, "मार्चपर्यंत खाडी बंद. कुणी हात लावायचा नाही. नाहीतर सुनांच्या वाट्याला नुसता चिखल उरेल."

कुरकुरत का होईना, बायका कबूल झाल्या. अडून बसला तो वाली फाय. गावातली सगळ्यात मोठी होडी त्याची, आणि तो तिच्यातून परगावच्या बायका कालवं काढायला आणायचा. गावप्रमुखाने समजावलं, सरकारी साहेबही येऊन गेला. वाली ढिम्म.

पण वाली सेरेर जमातीचा, आम्ही जोला. या दोन जमातींचं पिढ्यान् पिढ्या थट्टेचं नातं. एकमेकांना गुलाम म्हणा, काहीही मागा, समोरच्याने रागवायचं नाही. रागावला की गावभर छी-थू. दुसऱ्या दिवशी सकाळी अरामाताने चटई घेतली आणि सरळ वालीच्या होडीत ठाण मांडलं.

"ऊठ गं बये, भरती आलीय!" वाली ओरडला.

"माझ्या गुलामाची होडी ती माझीच होडी. भात आण. आणि शेंगदाण्याचा रस्सा दाट कर, तुम्हा सेरेरांचा हात फार आखडता."

"गुलाम तू! तुझ्या आजाने आमच्या घरातला भात चोरून खाल्ला होता!"

"मागून दिला असतात का?"

काठावर गाव लोटलं, हसून हसून पोटं दुखली. वालीला तिला उचलता येईना, रागावता येईना. झोपायला ती घरी जायची, पण वल्ही काखेत मारून. तिसऱ्या दिवशी वालीच्या बायकोनेच तिला उन्हासाठी छत्री नेऊन दिली. तिथे वाली संपला.

"बंद तर बंद," तो म्हणाला. "पण मार्चमध्ये कालवं नखाएवढीच निघाली, तर सगळ्यांदेखत म्हणायचं, वाली, मी तुझी गुलाम."

"म्हणेन. आणि मोठी निघाली तर तू म्हणायचं."

ते महिने फार जड गेले. खोटं कशाला बोलू, मीच दोनदा टोपली घेऊन निघाले आणि अरामाता दिसताच मागे फिरले. ती मात्र रोज खाडीवर जायची, बघायची, आणि कुणाला काही सांगायची नाही. तिलाही धास्ती होतीच.

मार्च उजाडला. पहिली ती उतरली. मुळावर एक घाव घातला, कालव धुतलं आणि हात वर केला. कालव तिच्या तळहातात मावत नव्हतं. आम्ही बायका अशा ओरडलो की बगळे उडाले. मी तर रडलेच.

वालीने होडी काठाला लावली, टोपी काढली.

"अरामाता, मी तुझा गुलाम," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. मग टोपी परत चढवत, "मालकीणबाई, पुढची बंदी कधीपासून धरायची?"