आपटे काकांनी लपवलेली गोष्ट

त्या रविवारी कथा वाचता वाचता आपटे काका मधेच थांबले... चष्मा काढून हातात धरला आणि पुढे वाचेचनात.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. लग्न होऊन मी नुकतीच जुईनगरला राहायला आले होते. सोसायटीत सगळेच नवे. कुणी गिरगावातून आलेलं, कुणी रत्नागिरीहून. ओळखी व्हाव्यात म्हणून वरच्या मजल्यावरच्या आपटे काकांनी कथावाचन सुरू केलं. रविवारी संध्याकाळी कुणाच्या तरी हॉलमध्ये सतरंजी टाकायची, काकांनी एखादी जुनी, गाजलेली कथा वाचायची आणि मग चहा पिता पिता आम्ही त्यावर भांडायचं.

त्या दिवशीच्या कथेत नवऱ्याने लग्नाआधीची एक गोष्ट बायकोपासून लपवलेली असते. ती आता उघड होणार, आम्ही सगळे कान देऊन बसलेलो... आणि नेमके तिथेच काका थांबले.

"काय झालं काका? पाणी देऊ?" माझ्या नवऱ्याने विचारलं.

काकांनी नको म्हणून मान हलवली. शेजारी बसलेल्या काकूंकडे वळले.

"सुमन, मीही तुला फसवलंय गं. मला वास येत नाही... कसलाच. लहानपणी मोठं आजारपण झालं, तेव्हापासून. आधीच्या एका स्थळाने त्यावरूनच नकार दिला, म्हणून तुमच्याकडे बोललोच नाही. आणि नंतर धीरच झाला नाही."

मला तर कुठे बघावं कळेना. त्यांच्या लग्नाला तीसेक वर्षं झालेली, मुलगी लग्न होऊन गेलेली... आता काकू उठून जातायत की काय, असंच वाटलं.

काकू म्हणाल्या, "माहितीये मला."

"काय?"

"लग्न झालं त्याच महिन्यात कळलं. दूध उतू जाऊन करपलं, घरभर वास... आणि तुम्ही शेगडीच्या बाजूलाच पेपर वाचत बसलेले! म्हणून तर रात्री गॅस मी स्वतः बघते. माहेरी गेले तरी शेजारी सांगून जाते, जरा लक्ष ठेवा म्हणून."

आम्ही सगळे हसलो. काका नाही हसले. एवढी वर्षं मनात धरलेली भीती अशी एका मिनिटात गेली, तर माणसाने करावं तरी काय?

"मग बोलली का नाहीस कधी?" काकांनी विचारलं.

काकू पदराशी चाळा करत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "तुम्ही रोज पानावर बसलात की म्हणता ना, 'वा, काय वास सुटलाय!'... मी बोलले असते तर ते बंद झालं असतं."

काकांनी सगळ्यांच्या देखत त्यांचा हात हातात घेतला. तेव्हा आमच्या सोसायटीत ही फारच मोठी गोष्ट होती! काकू लाजून म्हणाल्या, "अहो, लोक आहेत..." पण हात काही सोडवून घेतला नाही.

माझा संसार तेव्हा अगदी नवा होता. एकमेकांना सगळं सांगून टाकणं म्हणजे प्रेम, एवढंच मला ठाऊक होतं. सगळं कळलेलं असूनही समोरच्याला अवघडल्यासारखं होऊ न देणं, हेही प्रेमच... हे मला काकूंमुळे कळलं. त्याबद्दल त्यांचे आभार मानायचे मात्र राहूनच गेले.