चुंबळीखालचं कार्ड

डिचोलीतल्या आमच्या संग्रहालयाच्या अध्यक्षांनी सुर्ला गावच्या एकेचाळीस घरांना फसवलं. फसवायला तोंड वापरलं माझं.

उद्घाटनाचा दिवस. पणजीहून पाहुणे आलेले. त्यांच्या गर्दीतून वाट काढत शेवंतीमावशी आली, ठेवणीतलं लुगडं नेसून. तरुणपणी माझ्या आईच्या जोडीने तिने खाणीवर खनिजाच्या पाट्या डोक्यावरून वाहिल्या. तिची चुंबळ आता काचेच्या कपाटात होती. लग्नातल्या लुगड्याची चिंधी पिळून केलेली, घामाने काळी पडलेली. खाली छापील कार्ड. मावशीला वाचता येत नाही.

“माझा नाव खंय आसा गो? वाच बघू, मोठ्यान.”

तिचं नाव नव्हतं. अध्यक्षांच्या घराण्याचं होतं, आणि पुढे ‘कौटुंबिक संग्रह’.

मी संचालक. कार्डात काय आहे ते मला ठाऊक होतं. अध्यक्ष दोन हातांच्या अंतरावर उभे होते. बोलता बोलता थांबले आणि माझ्याकडे बघत राहिले. मी कार्डावर बोट ठेवलं आणि मोठ्याने वाचलं, “शेवंती सखाराम, सुर्ला.”

मावशीने काचेला हात लावला. तोच हात कपाळाला लावला.

ती गेल्यावर अध्यक्ष हळूच म्हणाले, “बरं केलंस गो. म्हातारी खूश झाली.”

कौतुक केलं त्यांनी माझं. ते अजून अंगावरून उतरलेलं नाही.

मी सुर्ल्याचीच. वडील दोडामार्गाकडून आले, खनिजाच्या ट्रकवर कामाला राहिले. लहानपणी मी आत्याबरोबर डिचोलीच्या बाजारात मिरच्या विकायला बसायचे. भाव करायला तिथे शिकले. पुढे संस्था चालवायला शिकले, संग्रहालयं उभी करून देणारी सल्लागार झाले, आणि या संग्रहालयाची संचालकही. कोणी हात धरून आणलं नाही.

सुर्ल्यात वस्तू गोळा करायला निघाले तेव्हा कोणी काही द्यायला तयार नव्हतं. का द्यावं? बाहेरचे लोक जुनं लाकूड, जुनं पितळ उचलून नेतात आणि हॉटेलात मांडतात. मी उंबऱ्यावर बसून सौदा केला. “वस्तू द्या. तिच्याखाली तुमचं नाव लावते.” लोकांनी पाट्या दिल्या, फावडी दिली, जेवणाचे डबे दिले. दानपत्रांवर अंगठे मीच घेतले. दानपत्रात लिहिलं होतं, वस्तू आता संस्थेची. नावाचं त्यात काही नव्हतं. ते फक्त माझ्या तोंडात होतं. मिरचीचा वाटा चारदा उलटून बघणारी मी, तो कागद उलटून बघायला विसरले.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी कार्डं छापून आली. सगळ्यांवर एकच मजकूर. मी तडक अध्यक्षांच्या घरी गेले. तिथे माझी हद्द बाल्कांवापर्यंत, म्हणजे दारापुढच्या दगडी बाकांपर्यंत. सगळी वर्षं कामाचे कागद मी तिथेच बसून दाखवले. आत ये, असं कोणी म्हटलं नाही. मी आवाज चढवला. त्यांनी चढवला नाही. म्हणाले, आता कार्डं राहू देत, सगळ्या नावांचा मोठा फलक दारापाशी लावू, पाहुणे गेले की लगेच. मला वाटलं, मी जिंकले. कपाटातल्या चिटुकल्या कार्डाच्या बदल्यात दाराचा फलक! त्याच आनंदात मी कार्डांच्या मंजुरीवर सही केली.

फलक आला नाही. आधी सुतार मिळेना. मग चतुर्थी होऊ दे. मग पाऊस जाऊ दे. शेवटी विश्वस्तांच्या बैठकीत सगळ्यांसमोर विचारलं.

अध्यक्ष म्हणाले, “ज्यांना वाचता येत नाही त्यांची नावं लावून कोणाला दाखवणार? तू वाचून दाखवतेस ना त्यांना? छान वाचतेस.”

सगळे हसले. मंजुरीचा कागद टेबलावर होता. खाली माझी सही.

राजीनामा द्यावा? मग कपाटं त्यांच्या हाती, आणि नावं माहीत असलेलं आत कोणीच नाही. राहावं? मग सुर्ल्याचं कोणी ना कोणी कपाटापुढे उभं राहणार आणि म्हणणार, वाच. मावशीनंतर आणखी तिघींना मी असं वाचून दाखवलं. कार्डाकडे न बघता. पाठच झालं होतं.

त्यात पेडण्याचं काम आलं. तिथल्या एका संस्थेला असंच संग्रहालय हवं होतं. शिफारस आमच्या अध्यक्षांचीच: बाई लोकांकडून वस्तू काढण्यात हुशार आहे. पहिल्याच घरी एका बाईने भात मापायची जुनी पायली माझ्यापुढे ठेवली.

“नाव लावतलंस मां गो, बाय?”

नेहमीचं वाक्य ओठांपर्यंत आलं. तिथेच अडवलं.

“कागदावर लिहून घेतल्याशिवाय देऊ नकोस,” मी म्हटलं. “मलासुद्धा नको.”

बाईने पायली उचलून आत नेली. मी स्वतःच्या हाताने मोडलेला हा पहिला सौदा.

तिथून थेट सुर्ल्याला गेले. शेवंतीमावशी अंगणात कोकमं वाळत घालत होती. तिला सगळं सांगितलं. ती हात न थांबवता ऐकत होती.

“म्हणजे तू माका फसयलंस.”

“होय.”

“आनी त्येंनी तुका.”

“होय.”

“मग रडतंस कित्याक? त्येंका हंय घेऊन ये.”

म्हणून हे उघड पत्र लिहिते आहे. राजीनामा देणार नाही. काढायचं तर तुम्ही काढा, आणि कारण लिहून द्या.

अध्यक्ष, होळीला गावाचा शिगमो जिथे उभा राहतो त्या सुर्ल्याच्या मांडावर या. एकेचाळीस घरं जमतील. कार्डं मी आणते. एकेक कार्ड हातात घ्यायचं आणि जिची वस्तू तिच्यासमोर मोठ्याने वाचायचं. जे छापलंय तेच. मी वाचलं तसं नाही. मग मावशी विचारेल, माझं नाव कुठे आहे. या वेळी तिला मी उत्तर देणार नाही.

तुम्हाला वाचता येतं. या आणि वाचा.