पालथा न पडणारा हात

चेन्नईत, टी. नगरच्या एका मोठ्या दुकानात, रेशमी साड्यांच्या मजल्यावर, राघोत्तम साड्या उलगडून दाखवायचं काम करायचा. घडी एका झटक्यात गिऱ्हाइकापुढे मोकळी करायची, पदर वर आणायचा, साडीवरून पालथा हात फिरवून सुरकुती घालवायची आणि गप्प उभं राहायचं. बाकीचे सेल्समन सारखे बोलायचे, याला बोलायची सवयच नव्हती. तरी कांचीपुरमच्या लग्नसाड्या घ्यायला येणाऱ्या काही बायका त्यालाच शोधत यायच्या.

तो मैलापूरला, देवळाच्या तळ्यामागच्या गल्लीत एका खोलीत एकटा राहायचा. घराणं तंजावरच्या मराठी लोकांतलं. बाहेर सगळा व्यवहार तमिळमधून, मराठी फक्त घरात. आई होती तोवर ते चाललं. ती गेली, बहीण भवानी लग्न होऊन कोइमतूरला गेली, आणि त्या खोलीत मराठी ऐकू येईनाशी झाली. भवानीचा फोन यायचा, पण आजूबाजूला मुलं असली की तीही दुसऱ्या वाक्याला तमिळवर जायची.

भवानीने मुलांचे फोटो ईमेलने पाठवले होते, ते बघायला तो एका मंगळवारी, म्हणजे सुट्टीच्या दिवशी, वेलचेरीच्या एका ब्राउझिंग सेंटरात गेला. तिथे कोणीतरी ओळखीचं होतं म्हणून इतक्या लांब. फोटो बघून झाले. मागच्या रांगेत पोरं कानाला हेडफोन लावून बंदुकांचा खेळ खेळत होती. त्यांना एक माणूस कमी पडत होता. "अण्णा, येता का?" एकाने विचारलं. गेल्या कित्येक महिन्यांत त्याला कोणी कुठे बोलावलं नव्हतं. तो जाऊन बसला.

डावा हात कीबोर्डवर, चालण्यासाठी. उजवा माउसवर, बघण्यासाठी आणि नेम धरण्यासाठी. पहिले काही मंगळवार तो नुसता मरत होता. मग त्याच्या लक्षात आलं की पोरं फार धावतात. तो एका पडक्या भिंतीआड दुर्बिणीची बंदूक घेऊन बसून राहू लागला. कोणीतरी समोरून यायचंच. माउस नखभर हलवायचा आणि बटण दाबायचं. दुकानात दिवसभर उभं राहून जी चिकाटी आली होती, ती इथे कामाला आली. पोरं त्याला आपल्या बाजूला घ्यायला भांडू लागली.

एकदा नेम चुकला आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "अगाई!"

शेजारच्या खुर्चीतल्या मुलाने हेडफोन खाली ओढला. "तुम्ही मराठी?"

"आम्ही तंजावरचे. घरांत मराठीच बोलतों."

"बोलतों!" मुलगा हसला. "माझे पणजोबा असं बोलायचे." तो शार्दूल, अमरावतीचा, एका कॉल सेंटरात रात्रपाळी करणारा. दिवसा झोपायचं सोडून इथे यायचा. त्या दिवसापासून खेळ संपला की दोघं खालच्या टपरीवर लिंबू सोडा घेऊन उभे राहायचे. शार्दूल बोलायचा आणि राघोत्तम ऐकायचा. पण मधूनच तो एखादं वाक्य बोलायचा, आणि आपलाच आवाज मराठीत ऐकून त्याला आईच्या वेळची खोली आठवायची. हे त्याने शार्दूलला कधी सांगितलं नाही.

२००८ साली, पावसाळ्याच्या तोंडावर, तो टी. नगरला चालत्या बसमधून उतरताना पडला. उजव्या तळव्यावर. ऑपरेशन करून मनगटात धातूची पट्टी घालावी लागली. हाड जुळलं, पण हात फिरेना. प्याला धरल्यासारखा उभा राहायचा, पालथा पडायचाच नाही. महिनोन्‌महिने व्यायाम झाले, आणि शेवटी डॉक्टर म्हणाले, एवढाच फिरेल.

पालथ्या हाताशिवाय साडी पसरता येत नाही. मालकांनी त्याला काढलं नाही. तळमजल्यावर, गिऱ्हाइकांच्या पिशव्या ठेवून घेऊन बिल्ला द्यायच्या खिडकीत बसवलं. लग्नसाड्यांच्या बायका तिथूनच आत जायच्या. एकदोघींनी चौकशी केली. बाकीच्यांनी पिशवी दिली, बिल्ला घेतला आणि वरच्या मजल्यावर गेल्या.

तो पुन्हा वेलचेरीला गेला तेव्हा पोरांनी जागा करून दिली. त्याने माउसवर हात ठेवून पाहिला. करंगळीच्या कडेवर तळवा उभा राहिला. बोट बटणापर्यंत पोचायचं, पण नेम थरथरायचा. डाव्या हातात माउस घेऊन पाहिला, तर चालायची बटणं उजव्या बाजूला घ्यावी लागली आणि पाय कुठे अन्‌ डोळे कुठे असं होऊन गेलं.

"मजकडून होत नाही," तो म्हणाला. "परवाइल्लै, असूं दे."

शार्दूलने ते असू दिलं नाही. पुढच्या मंगळवारी तो रिची स्ट्रीटच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून एक गेमपॅड घेऊन आला. काळा, दोन मुठींचा, दोन्ही अंगठ्यांखाली छोट्या दांड्या. "धरा, अण्णा." राघोत्तमने धरला. पॅड धरताना तळवे समोरासमोर येतात, पालथे नाहीत. मोडलेला हात जसा होता तसाच त्यात बसला. पाण्याचा प्याला सोडला तर अपघातानंतर हातात घेतलेली ही पहिली वस्तू होती जिच्यासाठी त्याला खांदा वाकडा करावा लागला नाही. तो कितीतरी वेळ नुसता धरून बसला.

पण बंदुकांच्या खेळात माउसपुढे पॅडचं काही चालत नाही. माउस हवा तिथे थेट जातो. पॅडच्या दांडीला अंगठ्याने ढकलत ढकलत न्यावं लागतं, आणि तोवर समोरचा गोळी घालून मोकळा होतो. राघोत्तम डावाच्या सुरुवातीलाच मरायचा आणि बाकीचा डाव बघत बसायचा. तरी येत राहिला.

मग तो मरेनासा झाला. त्याला वाटलं, हात बसतोय. एका डावात तो कोपऱ्यावर वळला तर समोर विरुद्ध बाजूचा गडी उभा, बंदूक सरळ याच्यावर रोखलेली. राघोत्तमचा अंगठा हळूहळू नेम आणत होता. समोरचा थांबला होता. पळतही नव्हता, मारतही नव्हता. राघोत्तमने मान वळवून पाहिलं. तीन खुर्च्या सोडून सुब्बा नावाचा मुलगा माउसवरचा हात उचलून बसला होता. नजरानजर झाली तसा तो पडद्याकडे बघू लागला.

राघोत्तमने पॅड खाली ठेवला आणि जिना उतरला. शार्दूल मागोमाग आला.

"सगळेच सोडतात काय मज?"

शार्दूलने नजर टपरीकडे वळवली.

"तुम्हींच सांगितलें त्यांस?"

"मी फक्त म्हणालो, जरा सांभाळून घ्या."

"लहान पोरास घेतात तसें," राघोत्तम म्हणाला. आवाज चढला नव्हता. तो स्टेशनकडे चालू लागला.

पुढचे दोन मंगळवार तो गेला नाही. तिसऱ्याला शार्दूल पत्ता विचारत मैलापूरला आला. खोलीत एकच खुर्ची होती, ती त्याला दिली आणि राघोत्तम चटईवर बसला.

"माझं चुकलं," शार्दूल म्हणाला. "पण अण्णा, आपण खेळच चुकीचा धरून बसलोय. माउसने नेम चांगला, पॅडने वळण चांगलं. गाड्यांच्या शर्यतीत या की. तिथे कीबोर्डवाले रडतात."

ते खरं निघालं. कीबोर्डचं बटण एकतर दाबलेलं असतं नाहीतर सोडलेलं. थोडंसं डावीकडे, हे त्याला कळतच नाही, म्हणून गाडी झटके खात वळते. पॅडची दांडी जितकी झुकवावी तितकीच गाडी झुकते. राघोत्तमचे अंगठे शाबूत होते. घाटातल्या रस्त्यावर तो शार्दूलला मागे टाकू लागला, आणि एका दुपारी सुब्बालाही. सुब्बाने पुन्हा पुन्हा शर्यत मागितली, हरला आणि चिडून शिवी दिली. राघोत्तमला ती शिवी फार आवडली.

पण सेंटरातली पोरं शर्यतीला कंटाळली आणि बंदुकांकडे परतली. त्यातच शार्दूलची पुण्याला बदली झाली. जाताना त्याने आपला जुना कॉम्प्युटर शेअर ऑटोत घालून मैलापूरला आणून दिला. "पुण्यात भावाकडे राहणार, त्याचा आहे," म्हणाला. खेळ त्यात होताच. आणि एक गोष्ट दाखवून गेला. एकट्याने गाडी पळवली की सगळ्यात वेगवान फेरी यंत्र लक्षात ठेवतं, आणि पुढच्या वेळी ती फेरी धुरकट गाडी होऊन आपल्या शेजारी धावते. ती सावली फाइल करून मेलने पाठवता येते.

पुण्याहून सावल्या येऊ लागल्या. राघोत्तम गल्लीतल्या सेंटरात मेल उघडायचा, पेन ड्राइव्हवर घ्यायचा आणि मंगळवारच्या दुपारी त्या धुरकट गाडीबरोबर घाट चढायचा. ती प्रत्येक वळणावर झटके खायची. याचा कीबोर्ड अजून सुटला नाही, तो हसत म्हणायचा, खोलीत मोठ्याने, मराठीत. मग स्वतःची सावली पाठवायचा, सोबत दोन ओळी. देवनागरी टंकायला येत नव्हतं, म्हणून इंग्रजी अक्षरांत.

एकदा आलेल्या सावलीने पहिलंच वळण लोण्यातून सुरी जावी तसं घेतलं. राघोत्तमची गाडी कठड्यावर आदळली. त्याने पुन्हा सुरू केलं, नुसतं बघायला. शार्दूलने पॅड घेतला होता. मेलमध्ये तसं काही लिहिलं नव्हतं. लिहिलं होतं ते एवढंच, की रुचिरा नावाच्या मुलीशी लग्न ठरलंय, आता वेळ मिळत नाही, पण तुम्ही लग्नाला याच.

लग्न ऐन लग्नसराईत होतं. टी. नगरला त्या दिवसांत सुट्टी मिळत नाही. राघोत्तमने मालकांना विचारलं नाही. वरच्या मजल्यावरच्या जुन्या सोबत्याकडून एक साडी निवडून घेतली आणि पार्सल केली. पोचल्याचा निरोप आला, फोटोही आला. त्यानंतर सावली आली नाही.

दिवस पिशव्या घेण्यात आणि बिल्ले देण्यात जात होते. मंगळवारी जेवण झालं की तो पॅड घेऊन चटईवर बसायचा. त्या शेवटच्या सावलीच्या पुढे जाणं आता त्याला जमण्यासारखं होतं. पण खेळाचा नियम असा, की तिच्या पुढे गेलं की ती पुसली जाते आणि तिच्या जागी आपली स्वतःची गाडी येते. शेवटच्या वळणापर्यंत दोन्ही गाड्या जोडीने यायच्या. मग सरळ रस्ता लागायचा, त्याचा अंगठा किंचित सैल पडायचा, आणि धुरकट गाडी त्याच्याआधी रेषेपलीकडे निघून जायची.