पाळण्याजवळचा म्हातारा

बोटीवरची नोकरी संपल्यावर माझा दोस्त इटलीतच राहिला. नाताळात मी त्याच्याकडे गेलो, तेव्हा त्याने मला बर्फाच्या डोंगरावर नेलं. लोक घसरत होते, हसत होते. त्याच दिवशी माझ्या बायकोचं वर्षश्राद्ध आलं. मी बर्फावर भाताचं पान ठेवलं. आमच्या तारकर्लीला लगेच कावळे येतात, इथे एकही शिवेना.

"अरे, हयचे कावळे पाव खातत," दोस्त म्हणाला.

तारेवरून डोंगरावर जाणाऱ्या पाळण्यात माणसांना बसवणाऱ्या म्हाताऱ्याने दोस्ताला विचारलं, हे काय? दोस्ताने सांगितलं. म्हाताऱ्याने टोपी काढली, स्वतःचा पाव मोडून भातावर ठेवला. काळे पक्षी उतरले.

मग समोरच्या उताराकडे हात करून तो काहीतरी बोलला. दोस्ताने मला सांगितलं, "ह्याची बायको थंयच बर्फाखाली गाडली गेली. अजून गावली नाय."

म्हातारा पुढच्या पोरीला पाळण्यात बसवायला गेला.

माझीला मी निदान अग्नी तरी दिला.