आवाहनाआधी विसर्जन

वीजकेंद्रातील वाफ थंड करणारे महाकाय पंखे ज्यांच्या हवाली होते, ते गृहस्थ बोलता बोलता खांद्यावरचा पंचा उंच धरून वाऱ्याची दिशा पाहत. पश्चिमेचा वारा सुटला की तापलेली हवा पुन्हा पंख्यांतच शिरे, वीज घटे आणि त्यांची रजा रद्द होई.

खंडेनवमीस मी पंख्यांची पूजा मांडली. त्या गृहस्थांना दुपारी लेकीकडे येवल्याला जायचे होते. वायुदेवतेच्या आवाहनासाठी अक्षता उचलताच त्यांनी माझा हात धरला.

“गुरुजी, बोलवू नका! थेट विसर्जनच करा.”

“अहो, न आलेल्या देवाला निरोप कसा द्यावा?”

“पाहुणा लय चिवट हाय. आत्तापासून निरोप दिला, तरच दुपारपर्यंत उठंल.”

शास्त्राची मनोमन क्षमा मागून मी विसर्जन केले. वारा तरीही आला, मात्र घटकाभरात थांबला.

एसटीत चढता चढता ते म्हणाले, “बघितलं? बोलावलं असतं तर मुक्कामालाच राहिला असता!”