भरिताच्या ताटाखालचा खडा

शेजारच्या आबांना डॉक्टरांनी तेल कमी करायला आणि चालायला सांगितलं, तेव्हापासून आमच्या गल्लीची झोप उडाली. पहाटे मेहरूण तलावाकडे निघताना ते प्रत्येकाची कडी वाजवत. "व्यायामाले पैसा लागत नही, भाऊ. ऊठ!"

त्या हिवाळ्यात मळ्यावर भरिताची पंगत होती. आम्ही स्कूटरवर गेलो, आबा पायी आले. भरितावर तेल तरंगत होतं. आबांनी एक खडा शोधून ताटाखाली सरकवला. ताट कललं, तेल एका कडेला जमलं आणि ते कोरडं भरीत कळण्याच्या भाकरीबरोबर खाऊ लागले. मला त्यांचं फार कौतुक वाटलं. ओशाळून मीही खडा शोधला.

भरीत संपलं. आबांनी उरलेली भाकरी त्या साठलेल्या तेलात कुस्करली.

"आबा, तेल?"

"इतलं वाया जाई ना, भाऊ!" बोटं चाटून त्यांनी माझ्या ताटाकडे पाहिलं. "तू तं खात नही ना? सरकाव इकडे."

तेही संपलं. परतताना मी स्कूटरवर मागे बसलो, तर आबांनी दंडाला धरून उतरवलं.

"चाल पायी. तुन्हा ताटनं तेल, तुलेच जिरावनं पडी!"

तेल त्यांच्या पोटात होतं आणि गल्लीपर्यंत घामाघूम मी झालो.